मुळाशी काळा डाग दिसतोय म्हणे!

रानजाई

मागच्या महिन्यात दात साफ करून घ्यायला गेले होते. दुखत काहीच नव्हतं, खालच्या पुढच्या दातांमागे कीटण साचलं होतं तेवढंच. नाशिकला घराजवळ नवं क्लिनिक झालंय. एसी, माशांची काचपेटी, चकचकीत सगळं. खुर्चीत बसल्या बसल्या "एकदा आरव्हीजी काढून घेऊ" म्हणाले (म्हणजे दाताचा छोटा डिजिटल एक्स-रे), म्हटलं काढा. मग स्क्रीनवर उजवीकडच्या खालच्या दुसऱ्या उपदाढेच्या मुळाशी बाण नेऊन डॉक्टर म्हणाले, "हा काळा डाग बघितलात? इन्फेक्शन आहे. रूट कॅनल करावं लागेल. कॅपचे वेगळे."

मी म्हटलं, अहो पण दुखत नाहीये. तर म्हणे, "दुखत नाही म्हणजे नस मेलीय." आता यावर काय बोलणार? दुखलं तरी रूट कॅनल, नाही दुखलं तरी रूट कॅनल.

फोटो मोबाइलवर मागून घेतला (हे एक शहाणपण केलं) आणि चार दिवसांनी माहेरी साताऱ्याला गेले तेव्हा आमच्या जुन्या डॉक्टरांना दाखवला. सत्तरीचे आहेत, दिवसाला पाच-सहाच पेशंट बघतात. त्यांनी फोटो बघितला, काही बोलले नाहीत. कापसाच्या बोळ्यावर कसलासा गार फवारा मारला आणि तो बोळा आधी डाव्या बाजूच्या त्याच दाताला लावला. "कळलं की हात वर करायचा." कळलं. मग उजव्या बाजूच्या 'मेलेल्या' दाताला लावला. मी हात वर केला नाही, खुर्चीतून निम्मी उठलेच. बोळा काढल्यावर दोन-तीन सेकंदांत सगळं शांत.

मग त्यांनी त्याच दाताचा आणखी एक आरव्हीजी काढला, फक्त यंत्राची नळी जरा मागे, कानाच्या दिशेला सरकवून. दोन्ही फोटो शेजारी ठेवले. पहिल्यात डाग मुळाच्या टोकाला चिकटलेला. दुसऱ्यात तोच डाग मूळ सोडून पुढे सरकला आणि दोन उपदाढांच्या मधोमध जाऊन बसला! मुळाभोवतीची बारीक पांढरी रेघ आता टोकाला वळसा घालून अखंड जाताना दिसत होती.

"आजार असता तर मुळाला धरून राहिला असता," डॉक्टर म्हणाले. "हे हाडातलं भोक आहे. मेंटल फोरामेन. सगळ्यांना असतं, तुझं नेमकं मुळाच्या रेषेत आलंय."

मी घरी येऊन सांगितलं तर नवरा म्हणतो, "तुला मेंटल भोक आहे हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं."

तर 'मेंटल' म्हणजे इथे हनुवटीचं. लॅटिनमध्ये मेंटम म्हणजे हनुवटी. जबड्याच्या हाडातून जाणारी नस या छिद्रातून बाहेर पडते आणि खालच्या ओठाला, हनुवटीला संवेदना पुरवते. इंजेक्शन दिल्यावर ओठ भाकरीएवढा झाल्यासारखा वाटतो ना, तो हिचाच प्रताप. छिद्र साधारण दुसऱ्या उपदाढेखाली किंवा दोन उपदाढांच्या मध्ये असतं, पण माणसागणिक थोडं पुढेमागे, वरखाली होतं. हाडात भोक म्हणजे एक्स-रेवर काळं. मुळाशी पू होऊन हाड झिजलं तरी काळंच. एकाच फोटोत दोन्ही सारखीच दिसू शकतात.

तेव्हापासून मला नादच लागलाय. तोंडात अशा आणखी किती जागा असतील, जिथे आपलं हाड आपल्यालाच फसवतं? कोणाला असे अनुभव आहेत का? दंतवैद्य मंडळींनीही लिहा.

(त्या क्लिनिकचं नाव कृपया विचारू नका, सांगणार नाही. त्यांनी फसवलंच असं म्हणायलाही माझ्याकडे पुरावा नाही. चुकलेही असतील.)

---

एक_भाबडा

अरे वा! मलाही वरच्या दाढेच्या मुळाशी काळं दिसतंय असं सांगितलंय. शनिवारची अपॉइंटमेंट होती रूट कॅनलची. रद्द केली. धन्यवाद ताई!

---

खडूस_काका

पाच-सहा पेशंट बघणारा डॉक्टर हवा असेल तर मुळात जुन्या गावात माहेर हवं. आम्ही पुणेकरांनी काय करायचं?

बाकी लेख छान. नवऱ्याला +१.

---

दंतकथा

कोल्हापुरात एकवीस वर्षं प्रॅक्टिस करतो. रानजाई, तुमच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा.

सगळ्यात आधी, एक_भाबडा, अपॉइंटमेंट रद्द करू नका हो! ताईंची खालची उपदाढ, तुमची वरची दाढ. तिथे मेंटल फोरामेन नसतं. तुमच्यासाठी पुढे वेगळं लिहितो, तोवर शनिवार परत मागून घ्या.

नळी सरकवण्याची युक्ती फार जुनी आहे. १९१० च्या सुमारास क्लार्क नावाच्या गृहस्थांनी मांडली, आम्हाला कॉलेजात शिकवतात आणि बाहेर पडेपर्यंत आम्ही विसरतो. घरी करून बघा. दोन्ही हातांची एकेक तर्जनी डोळ्यांसमोर एकामागे एक उभी धरा, एक डोळा मिटा आणि डोकं उजवीकडे न्या. जवळचं बोट डावीकडे पळतं, लांबचं बोट तुमच्याबरोबर उजवीकडे येतं. डोळा म्हणजे एक्स-रेची नळी. गालाच्या बाजूची वस्तू नळीच्या उलट सरकते, जिभेच्या बाजूची नळीबरोबर. मेंटल फोरामेन गालाच्या बाजूला, म्हणून नळी मागे नेल्यावर डाग पुढे गेला.

एक्स-रे म्हणजे सावली. शाळेत असताना भिंतीवर हातांच्या सावलीचं हरीण करायचो, तसं. सावली हरणाची, भिंतीसमोर हरीण नाही.

वरच्या पटाशीच्या दोन दातांमध्ये, टाळूच्या बाजूने असंच एक छिद्र असतं, इन्सिसिव्ह फोरामेन. एक्स-रेवर लंबगोल किंवा बदामाच्या आकाराचा काळा डाग दिसतो आणि नळी जरा तिरकी झाली की बरोबर एका पटाशीच्या मुळावर जाऊन बसतो. गंमत अशी की त्याच जागी खरी गाठही होते. साधारण ६ मिलीमीटरपेक्षा रुंद दिसलं की आम्ही कान टवकारतो. म्हणजे 'नेहमीचंच छिद्र' म्हणून सोडून देण्यातही धोका आहे.

आणि खालच्या पुढच्या दातांच्या मुळाशी तीन-चार काळे डाग, बाई मध्यमवयीन, दात सगळे गारला व्यवस्थित दाद देणारे: असं असेल तर बहुधा हाडातलाच एक निरुपद्रवी बदल असतो, पुढे काही वर्षांत तेच डाग पांढरे होत जातात. त्याला सिमेंटो-ऑसियस डिस्प्लेसिया असं लांबलचक नाव आहे. अशा चार दातांचं ओळीने रूट कॅनल झालेल्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. चारही दात जिवंत होते. काय बोलणार? गप्प बसलो.

---

मोगरा

माझ्या मुलाचं झालं होतं! सात वर्षांचा, खालच्या सहा वर्षांच्या दाढेत कीड, म्हणून एक्स-रे. बाईंनी फोटो व्हॉट्सॅपवर पाठवला आणि मी स्वतःच मोठा करून बघत बसले. दोन्ही मुळांच्या टोकाला मस्त गोल काळं! रात्रभर झोप नाही. सकाळी फोन केला तर बाई हसल्या. म्हणे, अहो मूळ अजून पुरं व्हायचंय. दाढ सहाव्या वर्षी वर येते पण तिचं मूळ मिटायला नववं-दहावं उजाडतं. टोकाशी अजून मऊ भाग आहे, तोच काळा दिसतोय.

साधं चांदी-सिमेंट भरून काम झालं. आता बारावीत आहे, दाढ ठणठणीत.

---

पाटीलबाई

आमची कथा उलटी. नसलेला आजार दिसला नाही, असलेलं मूळ दिसलं नाही.

यांची खालची डावी पहिली दाढ. रूट कॅनल झालं, कॅप बसली, सहा महिन्यांत हिरडीवर पुटकुळी. परत उघडलं, परत भरलं. पुन्हा पुटकुळी. यांनी तर "मला आता कवळीच लावा" म्हणून टाकलं. तिसऱ्या डॉक्टरीण बाईंनी तिरका एक्स-रे काढला. म्हणाल्या, या दाढेला दोन मुळं असतात, तुमच्या मिस्टरांना तीन आहेत. तिसरं मूळ मागच्या मुळाच्या आड, जिभेच्या बाजूला लपलं होतं. समोरून एक्स-रे काढला की दोन्ही एकावर एक. त्यात कोणी शिरलंच नव्हतं, सगळी घाण तिथेच.

तेव्हापासून यांना कोणी काही विचारलं की सांगतात, "माझी मुळं खोल आहेत."

---

सिंगापुरी_मिसळ

पाटीलबाई, या मुळाला नाव आहे: रॅडिक्स एन्टोमोलॅरिस. व्हिएन्नाच्या कॅराबेली यांनी १८४४ मध्येच वर्णन करून ठेवलंय. (वरच्या दाढेवरच्या जादा उंचवट्यालाही त्यांचंच नाव आहे.)

मी मूळची मिरजेची, इथे सिंगापुरात रूट कॅनलचंच काम करते. इथे चिनी वंशाच्या पेशंटमध्ये चार-पाच जणांमागे एकाला तरी हे तिसरं मूळ सापडतं, त्यामुळे इथला कोणीही ते शोधल्याशिवाय दाढ बंद करत नाही. भारतात शिकताना मी 'दुर्मीळ' म्हणून पाठ केलं होतं. आपल्याकडे प्रमाण कमी आहे, पण दुर्मीळ म्हणण्याइतकं नाही. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात तीन बघितली. पुस्तक कुठल्या जबड्यांवरून लिहिलंय यावर बरंच अवलंबून असतं.

तसंच खालच्या दुसऱ्या दाढेचं. काही जणांत तिच्या दोन मुळांचं मिळून एकच मूळ होतं आणि आतली पोकळी इंग्रजी 'सी' अक्षरासारखी, आपल्या कोयरीच्या काठासारखी वळलेली. १९७९ मध्ये कुक आणि कॉक्स यांनी ते पहिल्यांदा मांडलं. एक्स-रेवर दोन सरळ रेघा दिसतात आणि वाटतं, सोपं आहे. आत सुई घातली की कळतं, घळ आहे, नळी नाहीच.

आणि वरची पहिली दाढ! शाळेच्या पुस्तकात मुळं तीन, म्हणून आतल्या नसेच्या नळ्या तीन. प्रत्यक्षात पुढच्या गालाकडच्या मुळात निम्म्याहून जास्त लोकांना दुसरी बारीक नळी असते. एक्स-रेवर ती जवळजवळ कधीच सुटी दिसत नाही. ती आहेच असं धरून भिंगाखाली खरवडत शोधायची, नाही सापडली तरच नाही म्हणायचं.

उपदाढेत एक खूण मात्र छान मिळते. नळीची काळी रेघ वरून स्पष्ट उतरत येते आणि मुळाच्या मध्यावर अचानक गायब होते. रस्ता संपलेला नसतो, तिथे त्याला फाटा फुटलेला असतो. मला ती खूण पहिल्यांदा दिसली तेव्हा मी मिरज जंक्शन आठवून एकटीच हसले होते.

---

खडूस_काका

म्हणजे नसलेलं दिसतं आणि असलेलं दिसत नाही. आमच्या सोसायटीच्या हिशेबासारखं आहे सगळं.

---

तांबडी_माती

वडिलांचा किस्सा. कवळीसाठी ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक्स-रे) काढला, तर खालच्या जबड्याच्या कोपऱ्याजवळ हा एवढा लंबगोल काळा खड्डा. कडा पांढरी, रेखीव. एका ठिकाणी 'ट्यूमर असू शकतो, तुकडा काढून तपासू' सांगितलं. वडील आठ दिवस जेवले नाहीत, मृत्युपत्राचा कच्चा मसुदासुद्धा झाला (धाकट्या काकांना काही नाही!). मग कोणीतरी सीटी स्कॅन करायला लावला. जबड्याच्या आतल्या बाजूला नुसता खळगा, त्यात लाळेची ग्रंथी विसावलेली. उपचार काहीही नाही.

ते मृत्युपत्र अजून कपाटात आहे.

---

दंतकथा

तांबडी_माती, तो स्टॅफ्नेचा खळगा. १९४२ मध्ये स्टॅफ्ने यांनी अशा ३५ जणांची नोंद छापली. बहुतेक पुरुषांत सापडतो. खूण अशी की तो दातांच्या नसेच्या नळीच्या खाली असतो. दातामुळे होणारे आजार बहुधा नळीच्या वर असतात. जागा बघितली की निम्मं निदान तिथेच होतं.

ओपीजीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. ओपीजीत यंत्र डोक्याभोवती फिरतं, त्यामुळे एका बाजूच्या धातूची सावली दुसऱ्या बाजूलाही पडते: जरा वर, मोठी आणि धूसर. एक आजी आल्या होत्या. टेक्निशियनने सांगितलं, दागिने काढा. त्यांनी बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढलं, कानातल्या कुड्या राहिल्या. का, तर "कुड्या कधी काढत नाही बाळा, चाळीस वर्षांत काढल्या नाहीत." फोटोत वरच्या जबड्यावर दोन्हीकडे पांढरे धुरकट गोळे. बाहेरगावच्या एका डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'सायनसमध्ये काहीतरी आहे का बघावे.' शेवटी तेल लावून कुड्या काढल्या, दुसरा फोटो काढला. गोळे गेले. आजी दिवसभर कान झाकून बसल्या होत्या.

---

रानजाई

कुड्यांचा किस्सा आईला वाचून दाखवला. तिने आपल्या कुड्यांना हात लावला आणि म्हणाली, "मी पण नाही काढणार."

दंतकथा, एक_भाबडा यांच्या वरच्या दाढेचं राहिलं की! आणि दुसरं, एवढे वेगवेगळ्या कोनांतून एक्स-रे काढायचे तर सरळ तो थ्री-डी स्कॅन का नाही करत? की किरणांची भीती?

---

दंतकथा

आधी स्कॅन. सीबीसीटी म्हणतात त्याला. सगळं चहूबाजूंनी दिसतं, पाटीलबाईंच्या मिस्टरांचं मूळ एका मिनिटात दिसलं असतं. पण आधीच्या धातूच्या कॅपा, रूट कॅनलमध्ये भरलेलं सामान, यांच्यामुळे त्यातही काळे-पांढरे पट्टे उमटतात आणि धडधाकट मुळाला तडा गेल्यासारखा भास होतो. एक आरव्हीजी म्हणजे आपण नुसतं जगण्यात एका दिवसात जेवढा नैसर्गिक किरणोत्सार घेतो साधारण तेवढा, बरेचदा त्याहून कमी. स्कॅनचं प्रमाण यंत्रावर आणि किती भाग घेतला यावर ठरतं, पण ते कित्येक पटींनी जास्त. म्हणून आधी गार बोळा, मग टिचकी, मग दुसऱ्या कोनातून आरव्हीजी, आणि तरीही कोडं सुटलं नाही तर फक्त तेवढ्याच भागाचा स्कॅन.

आता वरची दाढ. तिच्या मुळांवरच सायनसची पोकळी असते. काहींची ती खूप खाली उतरलेली, दोन मुळांच्या मध्येसुद्धा शिरलेली असते. पोकळी म्हणजे हवा, हवा म्हणजे काळं. मुळं त्या काळ्यात बुडालेली दिसतात. शिवाय गालफडाच्या हाडाची पांढरी सावली नेमकी मुळांच्या टोकांवर पडते, त्यामुळे जिथे बघायचं तिथेच पडदा. वरच्या दाढेचा एक्स-रे वाचणं हे आमच्यातलं सगळ्यात कटकटीचं काम.

सर्दी भरली की वरच्या दोन-तीन दाढा एकदम दुखतात, एक नाही. टिचकी मारली की तिन्ही दुखऱ्या. आणि वाकून चपलेचा पट्टा लावताना ठणका वाढतो. असं असेल तर आधी नाकाकडे बघा. उलट, एकाच दाढेची कीड वर सायनसमध्ये शिरून महिनोन्‌महिने एका नाकपुडीतून घाण वास येतो, आणि माणूस नाकाच्या डॉक्टरांकडे खेटे घालत राहतो. दोन्ही बघितलंय.

आता थोडं कडू बोलतो. हा धागा वाचून लोक 'काळा डाग म्हणजे काही नसतं' असं घरी घेऊन जाणार, ही माझी धास्ती आहे. बेंडर आणि सेल्टझर यांनी १९६१ मध्ये मृतांच्या जबड्यांत मुद्दाम पोकळ्या कोरून एक्स-रे काढले. आतल्या जाळीदार हाडात चांगली मोठी पोकळी असली तरी बाहेरचं कठीण कवच शाबूत असेपर्यंत फोटोत काही दिसतच नव्हतं. त्यामुळे डाग दिसला म्हणजे आजार असेलच असं नाही, तसंच डाग नाही म्हणून दात चांगला असंही नाही. नुसता फोटो बघून फोनवर मत विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही ते यासाठी. दात समोर लागतो.

---

हळदीकुंकू

दंतकथा यांच्याशी सहमत. माझ्या सासऱ्यांनी उपदाढेखालचा डाग 'नैसर्गिक आहे' असं कोणाकडून तरी ऐकून दोन वर्षं सोडून दिला. दात गारला दाद देत नाही हे मागाहून कळलं, तोवर कोणी लावूनच बघितलं नव्हतं. शेवटी गाल सुजला, ताप आला, हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. आणि हो, डाग त्याच उपदाढेखाली होता, रानजाईंच्यासारखाच.

---

रानजाई

हळदीकुंकू, बरं झालं लिहिलंत. माझ्या डॉक्टरांनीही सहा महिन्यांनी परत ये, गार लावून बघू आणि तसाच फोटो काढू, असं सांगितलंय. ते मूळ लेखात लिहायचं राहिलं.

---

सिंगापुरी_मिसळ

डॉक्टरांना काय विचारावं, असं विपूत (विचारपूस पानावर) दोघांनी विचारलं म्हणून इथेच: "गार लावून बघितलंत का? पलीकडच्या दाताशी ताडून बघितलंत का? तिरका फोटो काढता येईल का?" एवढं विचारलं तर चांगला डॉक्टर चिडत नाही. आणि फोटो आपल्याकडे मागून ठेवा. मूळ फाइल मागा, स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो नको. त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंबसुद्धा डाग म्हणून दाखवणारे भेटलेत मला.

---

एक_भाबडा

तुम्ही सगळ्यांनी घाबरवलंत. फ्रीजमधला बर्फ रुमालात गुंडाळून त्या दाढेला लावून बघितला. ओरडलो. बायको धावत आली. म्हणजे जिवंत आहे ना? मग रूट कॅनल नको ना?

---

दंतकथा

जिवंत आहे. पण बर्फ काढल्यावर कळ किती वेळ राहिली? दोन-चार सेकंदांत गेली तर ठीक. मिनिटभर घुमत राहिली तर आतली नस सुजलीय, मग फोटोत काहीही दिसो.

---

एक_भाबडा

मगाचा प्रतिसाद टंकायला मला दहा मिनिटं लागली.

अजून घुमतेय.

---

दंतकथा

शनिवारची अपॉइंटमेंट परत घ्या. शनिवारची कशाला, उद्याच जा.